पहिले दोन कोण? गोव्यातल्या मतविभागणीचा हिशेब

२०२२च्या विधानसभा निवडणुकीत नावेलीत भाजपचे उल्हास तुयेकर ५,१६८ मतं घेऊन आमदार झाले. दुसऱ्या क्रमांकावर तृणमूलच्या वालंका आलेमाव होत्या, ४,७३८ मतांवर. फरक ४३० मतांचा. झालेल्या मतदानाचा साधारण चौथा हिस्सा मिळवून सासष्टी तालुक्यातली ही जागा भाजपने पहिल्यांदाच जिंकली. बाकीची तीन चतुर्थांश मतं तृणमूल, काँग्रेस, आप आणि इतरांमध्ये वाटली गेली.

यात नियमाबाहेरचं काहीच नव्हतं. आपल्याकडे सगळ्यांत जास्त मतं मिळवणारा निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं हवीत अशी अट कुठेच नाही. दोघेच उभे असतील तर जास्त मतं आणि निम्म्याहून जास्त मतं यांत फरक पडत नाही. चौघे-पाचजण उभे राहिले की एक चतुर्थांश मतांवरही आमदार होता येतं.

म्हणून गोव्यात निवडणूक जाहीर झाली की तिंट्यावर, देवळाच्या मंडपात, फेरीबोटीत तेच वाद सुरू होतात. एक म्हणतो, तुमच्या उमेदवाराला मत म्हणजे मत फुकट. दुसरा म्हणतो, तुम्हीच आमची मतं फोडता. तिसरा चिडून म्हणतो, मग मनातल्या माणसाला मत द्यायचंच नाही का? तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण हे वाद बहुतेक वेळा हिशेब न करता होतात, आणि गोव्याइतकी या हिशेबाची गरज क्वचितच दुसरीकडे असेल. २०२२ला राज्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि मतदारसंघ चाळीस. म्हणजे सरासरी एका मतदारसंघात तीस हजारांच्या आत. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. त्याच निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, वेळ्ळीचा १६९ मतांनी, प्रियोळचा २१३ मतांनी, आणि साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी निवडून आले. ७६ मतं म्हणजे एका वाड्यावरची वीस-पंचवीस घरं.

एक काल्पनिक मतदारसंघ घेऊ. वीस हजार मतदान झालं. क या उमेदवाराला ७,०००, ख ला ६,५००, ग ला ४,५०० आणि घ ला २,००० मतं. क निवडून आला. आता घ च्या मतदारांना क अजिबात नको होता आणि ख चालला असता असं समजा. त्या दोन हजारांपैकी ५०१ जणांनी ख ला मत दिलं असतं तर ख ७,००१ वर गेला असता आणि जिंकला असता. उरलेले १,४९९ घ बरोबरच राहिले असते तरी निकाल बदललाच असता. हे लोकांच्या लक्षात येत नाही. सगळ्यांनी आपला पक्ष सोडावा लागतो असा समज आहे. प्रत्यक्षात पहिल्या दोघांमधला फरक भरून निघेल इतकीच माणसं हलली तरी पुरतं.

आपल्याला सर्वांत आवडणारा उमेदवार निवडून येण्यासारखा नाही हे ओळखून, ज्यांच्यात खरी लढत आहे त्या दोघांपैकी त्यातल्या त्यात बरा वाटतो त्याला मत देणं, यालाच डावपेचाचं मतदान म्हणतात. त्यात फसवणूक नाही. मत कोणाला द्यायचं आणि का, हे मतदाराने कोणालाही सांगायचं नसतं. ते गुप्त ठेवण्याचा त्याला हक्क आहे. गुन्हा आहे तो पैसा किंवा वस्तू घेऊन मत देणं. कोण जिंकेल याचा विचार करून मत देणं यात काहीच गैर नाही.

मोरिस दुव्हर्जे या फ्रेंच राज्यशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला असं मांडलं की जिथे एका जागेसाठी एकच फेरी असते आणि जास्त मतांचा धनी जिंकतो, तिथे हळूहळू दोनच पक्ष उरतात. एक तर तिसऱ्या पक्षाला मतं मिळूनही जागा मिळत नाहीत. आणि ते पाहून त्याचे मतदार पुढच्या वेळी स्वतःहून पहिल्या दोघांकडे वळतात. मग गोव्यात इतके पक्ष कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असं की हा नियम राज्याला लागू होत नाही, मतदारसंघाला लागू होतो. प्रत्येक मतदारसंघातले पहिले दोघे वेगळे असू शकतात.

२०२२चा निकाल या नजरेने पुन्हा वाचा. नावेलीत लढत झाली भाजप आणि तृणमूलमध्ये. बाणावलीत पहिले दोन होते आप आणि तृणमूल. वेळ्ळीत आप आणि काँग्रेस. प्रियोळात भाजप आणि मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स आणि भाजप. पणजीत भाजप आणि अपक्ष. सहा मतदारसंघ, सहा वेगळ्या जोड्या. ‘गोव्यात खरी लढत अमुक आणि तमुक पक्षांत आहे, बाकीच्यांना मत म्हणजे मत वाया,’ असं कोणी सांगितलं की मला राहवत नाही, कारण या सहांपैकी निदान चार ठिकाणी तो सल्ला मतदाराला थेट चुकीच्या जागी नेतो. पक्षाची राज्यातली ताकद पाहून मतदारसंघात मत ठरवणं हीच सर्वांत मोठी चूक.

सांत आंद्रे हे तर उत्तम उदाहरण. रिव्होल्युशनरी गोवन्सवर त्या निवडणुकीत सगळीकडे एकच आरोप होत होता, की हे लोक मतं फोडतात. राज्यभरात त्यांना साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि जागा आली एकच, म्हणजे वरवर पाहता आरोप खराच. पण ती एक जागा सांत आंद्रेची. तिथे त्यांचे वीरेश बोरकर ५,३९५ मतं घेऊन पहिले आले आणि भाजपचे फ्रान्सिस सिल्वेरा ५,३१९ वर थांबले. भाजप नको म्हणून तिथल्या ज्या मतदाराने ‘लहान पक्षाला कशाला’ म्हणत दुसऱ्या विरोधी पक्षाला मत दिलं, त्याचंच मत लढतीबाहेर पडलं.

मत वाया गेलं म्हणजे काय, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. फोंड्याकडच्या एका घरातलं बोलणं डोळ्यांसमोर आणा. मामा समजावतात, “अगं, तुझा उमेदवार येत नाही हे तुलाही ठाऊक आहे. मग ते मत आमच्याकडे दे, निदान तो दुसरा तरी पडेल.” भाची म्हणते, “मामा, असं दर वेळी केलं तर आमच्या पक्षाचं डिपॉझिटही राहायचं नाही. मग पाच वर्षांनी तुम्हीच म्हणाल, ह्यांना विचारतो कोण.” भाचीच्या बोलण्यात नुसती भावना नाही. झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर हरलेल्या उमेदवाराची अनामत जप्त होते. राज्य पक्ष म्हणून मान्यतेच्या ज्या वाटा निवडणूक आयोगाने आखल्या आहेत त्यांपैकी एक म्हणजे विधानसभेत सहा टक्के मतं आणि दोन आमदार. आम आदमी पक्षाला २०२२ला गोव्यात ६.७७ टक्के मतं आणि बाणावली, वेळ्ळी या दोन जागा मिळाल्या आणि राज्य पक्षाची मान्यताही मिळाली. ते पावणेसात टक्के काही दोनच मतदारसंघांतून आलेले नाहीत. जिथे आपचा उमेदवार पडला तिथल्या मतांचाही त्यात वाटा आहे. म्हणून मामांनी डोळ्यांसमोरच्या पाच वर्षांचा विचार करावा आणि भाचीने पुढच्या दहा वर्षांचा, यात मला कोणीच चुकलेलं दिसत नाही. फक्त आपण कोणत्या मुदतीचा विचार करतो आहोत हे दोघांनाही स्पष्ट असायला हवं.

दुसरा कोण हेच ठरत नाही तेव्हा

वरच्या काल्पनिक मतदारसंघात ख ला ६,५०० आणि ग ला ४,५०० मतं होती, त्यामुळे कोणी कोणाकडे वळायचं हे उघड होतं. पण ख ५,६०० वर आणि ग ५,४०० वर असेल तर? ख चे लोक म्हणणार, दुसरे आम्ही, तुम्ही आमच्याकडे या. ग चे लोक नेमकं तेच उलट म्हणणार. गावातल्या अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर येतात आणि रिव्हर्स कोणी घ्यायचा यावरून दोघेही हॉर्न वाजवत उभे राहतात, तशी ही अवस्था. एकाने मागे घेतली तर दोघेही घरी पोचतात. कोणीच घेतली नाही तर क आरामात जिंकतो. आणि दोघांनीही एकाच वेळी मोठ्या मनाने मागे घेतली, म्हणजे ख च्या काही लोकांनी ग ला आणि ग च्या तितक्याच लोकांनी ख ला मत दिलं, तर आकडे जिथल्या तिथे राहतात आणि तरीही क च जिंकतो.

डावपेचाच्या मतदानाचं खरं दुखणं हे आहे. एकट्याने ते करता येत नाही. पुरेशा लोकांना एकाच वेळी एकच दुसरा दिसावा लागतो. ती माहिती येणार कुठून?

मागचा निकाल हा पहिला आधार, पण गोव्यात तो जपून वापरावा लागतो. आपल्याकडे मतं पक्षाला असतात तशीच माणसालाही असतात, आणि माणूस पक्ष बदलतो. चर्चिल आलेमाव २०१७ला बाणावलीतून राष्ट्रवादीच्या तिकिटावर निवडून आले आणि २०२२ला त्याच बाणावलीत तृणमूलचे उमेदवार होते. तृणमूलची मागच्या वेळची मतं शोधायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही, आणि राष्ट्रवादीची मतं पाहून राष्ट्रवादी तगडी आहे असं ठरवलंत तर फसाल. त्यामुळे पक्षांच्या रकान्याआधी उमेदवारांच्या नावांचा रकाना वाचायला हवा. लोकसभेला त्या विधानसभा मतदारसंघात कोणाला आघाडी होती, जिल्हा पंचायतीला कोण जिंकलं, पंच-सरपंच कोणाबरोबर फिरताहेत, ही जोड द्यायची. एवढं करूनही अंदाजच हाती येतो. पण राज्यभरच्या हवेवरून केलेल्या अंदाजापेक्षा तो कितीतरी बरा.

शेवटच्या दोन रात्री मात्र कानांवर विश्वास ठेवू नये. अमका उमेदवार बसला, तमक्याने आतून पाठिंबा दिला, सर्व्हेत हा तिसरा आहे, असे निरोप त्या दोन रात्रींत फिरतात, कारण डावपेचाने मत देणारा मतदार याच माहितीवर हलतो आणि ते सगळ्या उमेदवारांना पक्कं ठाऊक असतं. उमेदवारी मागे घेण्याची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते आणि यंत्रावर नाव असतंच. मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मतदानाच्या दिवशी दुपारी कोणी टक्केवारीसकट एक्झिट पोल पाठवला तर तो खरा असो वा खोटा, पाठवणं बेकायदाच आहे.

बेरीज का चुकते

निकालानंतर दरवेळी एक हिशेब मांडला जातो. २०२२ला भाजपला ३३.३१ टक्के मतं आणि चाळीसपैकी वीस जागा मिळाल्या. लगेच म्हटलं गेलं, ६७ टक्के गोंयकार भाजपच्या विरोधात होते, केवळ मतविभागणीने घात केला. हा हिशेब मोहक आहे, पण तो मला पटत नाही. इतर कोणाला मत दिलं म्हणजे तो भाजपच्या विरोधात होता असं समजायला काहीच आधार नाही. त्या ६७ टक्क्यांत मगोचा मतदार होता, आणि मगोने निकालानंतर भाजपच्याच सरकारला पाठिंबा दिला. निवडून आलेल्या तिन्ही अपक्षांनीही तेच केलं.

शिवाय हे गणित उलटही फिरतं. २०१७ला भाजपला साडेबत्तीस टक्के मतं होती आणि काँग्रेसला अठ्ठावीसच्या थोडी वर, तरी जागा काँग्रेसच्या सतरा आणि भाजपच्या तेरा. २०१२ला भाजप आणि मगो एकत्र लढले होते. २०१७ला मगो वेगळा झाला, गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेनेबरोबर गेला. २०२२ला मांद्रेत माजी मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर तिकीट नाकारल्यावर अपक्ष उभे राहिले आणि भाजपचे दयानंद सोपटे मगोच्या जीत आरोलकरांकडून ७१५ मतांनी पडले. मतविभागणीचा फटका एकाच बाजूला बसतो असं नाही.

कोणी कोणाची मतं खाल्ली हे ठरवायचं तर प्रत्येक मतदाराची दुसरी पसंती माहीत हवी. आपल्या यंत्रावर एकच बटण दाबता येतं, त्यामुळे ती कधीच नोंदली जात नाही. पण भारतातच अशी एक निवडणूक आहे जिथे ती नोंदली जाते, आणि त्यातली एक लढत मराठी माणसाने जरूर अभ्यासावी अशी आहे. १९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींचं बळ ज्यांच्यामागे होतं ते व्ही. व्ही. गिरी, आणि जनसंघ-स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर आपले चिंतामणराव देशमुख. या निवडणुकीत खासदार-आमदार मत देतात, प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं, आणि मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा असतो.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मतं मिळाली. निम्म्याहून जास्त कोणालाच नव्हती. त्यासाठी ४,१८,१६९ हवी होती. मग सर्वांत कमी मतांचे उमेदवार एकेक करून बाद केले गेले आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या गेल्या. देशमुखांच्याही. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. गिरी राष्ट्रपती झाले.

आता वाटल्या गेलेल्या मतांकडे पाहा. गिरी आणि रेड्डी सोडून इतरांची मिळून सुमारे १ लाख २१ हजार मतं होती. त्यातली ९१,८७९ रेड्डींकडे गेली, १८,५६२ गिरींकडे, आणि साधारण अकरा हजार मतं कोणाकडेच गेली नाहीत, कारण त्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणालाच पसंती दिलेली नव्हती. पक्षाचा आदेश, विचारसरणी, राजकारणाची पूर्ण जाण असलेले लोकप्रतिनिधी मत देत होते, तरीही मतं एका दिशेने गेली नाहीत. मग सामान्य मतदाराची मतं ‘हा नसता तर सगळी त्याला’ अशी जातील, हे कशावरून?

पणजीचा २०२२चा निकाल याच कसोटीवर घासून पाहू. भाजपचे बाबूश मोन्सेरात ६,७८७, भाजप सोडून अपक्ष लढलेले उत्पल पर्रीकर ६,०७१, काँग्रेसचे एल्विस गोम्स ३,१७५. फरक ७१६. काँग्रेसच्या मतदारांपैकी ७१७ जणांनी, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही कमी लोकांनी, उत्पलना मत दिलं असतं तर निकाल फिरला असता. म्हणून कोणी म्हणतं, काँग्रेसने उत्पलची मतं खाल्ली. पण त्या ३,१७५ जणांना मोन्सेरात आणि पर्रीकर यांत निवडायला सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? काही उत्पलकडे गेले असते, काही मोन्सेरातांकडे, काही मतदानालाच गेले नसते. एवढं खरं की ७१७ हा आकडा आवाक्यातला होता.

त्याच्या उलट २०२४ची उत्तर गोवा लोकसभा. भाजपचे श्रीपाद नाईक आणि काँग्रेसचे रमाकांत खलप यांच्यातला फरक १ लाख १६ हजारांचा, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या रिव्होल्युशनरी गोवन्सची मतं ४५ हजारांच्या आसपास. ती सगळीच्या सगळी खलपांना मिळाली असती तरी निकाल तोच राहिला असता. अशा ठिकाणी मन मारून मत देण्यात काहीच हशील नाही. तिथे पहिल्या पसंतीलाच मत द्यावं, त्याचा निदान आकडा तरी दिसतो. आणि पहिले दोघेही तुम्हाला सारखेच वाटत असतील, तर लढत कितीही अटीतटीची असो, डावपेच करायचं कारणच उरत नाही. नोटाचं बटण मात्र या हिशेबात काही बदलत नाही. नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी विधानसभेला उमेदवारांमध्ये जो पुढे तोच निवडून येतो.

दक्षिण गोव्यात पक्षांनी स्वतःच हा भार उचलला. २०२४ला आपने उमेदवारी मागे घेऊन काँग्रेसला पाठिंबा दिला. काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस भाजपच्या पल्लवी धेंपे यांच्यापेक्षा १३,५३५ मतांनी पुढे राहिले. २०१९ला आपचा उमेदवार रिंगणात असतानाही काँग्रेसचे फ्रान्सिस सार्दिन ९,७५५ मतांनी जिंकले होते, तेव्हा एकी केली म्हणून जिंकले एवढंच म्हणणं अपुरं आहे. तरी मला वाटतं, मतविभागणी टाळायची असेल तर ती अर्ज भरायच्या आधी पक्षांनी टाळावी. हजारो मतदारांनी एकमेकांच्या मनातलं ओळखून दुसरा कोण ते ठरवावं, अशी अपेक्षा करण्यापेक्षा चार नेत्यांनी एका टेबलावर बसणं सोपं आहे. ते जागावाटपावरून बसत नाहीत आणि दोष मात्र मतदाराच्या माथी मारतात, हे मला मान्य नाही.

गोव्यात या सगळ्याला आणखी एक पदर आहे. डावपेचाने मत देणारा मतदार मन मारून मत देतो ते कोणाला तरी अडवण्यासाठी. निवडून आलेला माणूस नंतर त्याच पक्षात गेला तर? जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. २०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रॉस आणि दर्गा अशा तीन ठिकाणी पक्षनिष्ठेच्या शपथा घेतल्या, आणि सप्टेंबर २०२२मध्ये अकरांपैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, दोन तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाला सूट आहे, आणि लहान विधिमंडळ पक्षात दोन तृतीयांश म्हणजे मूठभर माणसं. म्हणून इथे पहिले दोन कोण याच्या जोडीला आणखी एक प्रश्न मतदाराला विचारावाच लागतो: हा राहील का? न टिकणाऱ्या माणसासाठी आपली पहिली पसंती सोडण्याला काय अर्थ?

मतविभागणीवर कायमचा इलाज म्हणून काही देशांनी मतपत्रिकाच बदलली. १९१८मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान इथल्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचा उमेदवार ३४ टक्के मतांवर जिंकला, कारण विरोधातली मतं दोन पक्षांत जवळजवळ निम्मी-निम्मी वाटली गेली. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा करून पसंतीक्रमाचं मतदान आणलं. ते आजही चालू आहे. नावेलीसारख्या निकालानंतर आपल्याकडे चार दिवस आरोप-प्रत्यारोप होतात आणि विषय संपतो. पसंतीक्रमानेही सगळे डावपेच संपतात असं नाही. १९७०च्या दशकात ॲलन गिबार्ड आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं की तीन किंवा जास्त पर्याय निवडून येऊ शकत असतील, तर एकाच माणसाच्या मर्जीवर निकाल सोडणारी पद्धत वगळता, डावपेचाला कधीच वाव न देणारी पसंतीक्रमाची मतदानपद्धत असूच शकत नाही. पण पसंतीक्रमात निदान लहान पक्षाला १ आणि त्यातल्या त्यात बऱ्याला २ लिहिता येतं. मामा आणि भाची, दोघांचंही म्हणणं एकाच कागदावर मावतं.

तोवर २०२७च्या सुरुवातीला येणारी निवडणूक याच एका बटणावर होणार आहे. ज्यांना हिशेब करून मत द्यायचं आहे त्यांनी गोव्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आपल्या मतदारसंघाचा फॉर्म २० काढून पाहावा. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते ओळीने दिलेलं असतं. आधी सगळ्यात खालची बेरजेची ओळ वाचावी आणि मगच आपल्या केंद्राची. आपल्या वाड्यावर जो दुसरा दिसतो तो मतदारसंघात चौथा असू शकतो, आणि आपल्या केंद्रावर जेमतेम पन्नास मतं मिळवलेला उमेदवार पलीकडच्या पंचायतीत पहिला असू शकतो.